मासा उलटायचा नाही

३ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझे भाऊजी गेले. थंडी सुरू व्हायच्या आधीच गेले. छातीचं दुखणं होतं. आधी जिना चढवेना, मग खाटेवरून उठवेना. फार हाल झाले नाहीत, असं लोक म्हणतात. लोक उशाशी बसलेले नव्हते.

कळवायला तुझा पत्ता नव्हता, आजही नाही. हे पत्र सॉसवाल्याच्या हाती देते आहे. आपल्या हॉटेलात सॉसचे डबे आणि नूडल्सची खोकी टाकायचा, तोच. त्याला तुमचा ठावठिकाणा माहीत आहे हे मला कधीचं कळलं होतं, कारण तुमचा विषय निघाला की तो डबे मोजायला लागायचा. मी म्हटलं, "पत्ता दे." तो म्हणाला, "शब्द दिलाय, ताई. पण माझी गाडी सगळीकडे जाते. पत्र द्या, पोचवतो." मी म्हटलं, "बरं, पत्ता नको. शहर तरी सांग." तर म्हणतो, "शब्द अर्धा दिलेला नाही." इतका सरळ माणूस धंद्यात टिकला कसा, देव जाणे.

हॉटेलाचं शटर मी ओढून घेतलं आहे. पाटी तशीच आहे.

तू म्हणशील, गावाची वेस न ओलांडणारी ही बाई परक्या शहरात काय करते. हवापालट. डॉक्टर म्हणाले, जरा फिरून या. म्हणून आले. कोणाला शोधायला आलेली नाही.

खोली कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर घेतली आहे. दिवसभर खालून वाफ येते, भिंती ओलसर, गादीला दुसऱ्यांच्या सदऱ्यांचा वास. समोरच्याच रस्त्यावर चिनी खाणावळी आहेत. सगळ्यांच्या दारात लाल कंदील, आणि कंदिलांवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या. काल त्यातल्या एकीत शिरले. वेटर चुणचुणीत होता.

"पूर्ण मासा दे. वाफवलेला, डोक्यासकट," मी म्हटलं.

"मावशी, डोकं कशाला? बिनकाट्याचे तुकडे देतो. कटकट नाही."

"मला कटकट हवी आहे."

त्यानं आणला. वर आलं, पातीचा कांदा, सगळं जागच्या जागी. मी वरची बाजू खाल्ली आणि हात थांबवून बसले. तो धावत आला, दोन चमच्यांत धरून मासा पालथा केला आणि म्हणाला, "खाली पण आहे हं, मावशी." आत स्वयंपाक्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मी पैसे देऊन उठले.

चव बरी होती. लाल सॉसची वाटी न मागता आणून ठेवली होती.

ताई


१० फेब्रुवारी

धाकटे,

डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी तुम्हाला शोधायलाच निघाले आहे. तुला ते पहिल्याच पत्रात कळलं असणार, लहानपणापासून माझी लबाडी तुला माझ्याआधी कळते.

दुसऱ्या शहरात आले आहे. इथला चिनी मोहल्ला मोठा, कमानीतून आत जायचं, कमानीखाली लोक फोटो काढतात. तीन ठिकाणी जेवले. तिन्ही ठिकाणी पूर्ण मासा मागवला. शोधायची माझी रीत एवढीच आहे. तुझ्या नवऱ्याच्या गावाकडचं कोणी असेल तर मासा उलटलेला त्याला बघवणार नाही, आणि तसं कोणी भेटलं तर ते तुमच्याबद्दल काही सांगेल. पण रीत अंगवळणी पडत नाही. वरची बाजू संपली की मलाच पुढे हात घालून मासा उलटायचा असतो, आणि हात जात नाही. काल एकीकडे शेवटी उलटला. कोणी काही बोललं नाही. शेजारच्या टेबलावरची मुलं आपापल्या फोनमध्ये. मी अर्ध्या माशाकडे बघत बसले.

त्या रात्रीचं तुला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या बाजूनं तू कधी ऐकलं नाहीस, ऐकायला थांबलीच नाहीस, म्हणून लिहिते.

हॉटेल नवं होतं. मोटारींच्या शोरूमवाल्यानं पहिल्यांदाच पार्टीसाठी पूर्ण हॉटेल घेतलं होतं. साडूनं मोठा मासा केला. (त्याला साडू मी म्हणावं हे नात्यात बसत नाही, पण तुझ्या भाऊजींनी गिऱ्हाइकांपुढे 'हा माझा चीनचा साडू' म्हणून म्हणून त्याचं तेच नाव पाडलं, आणि चांगलं होतं ते.) मासा त्यानं स्वतः आणून ठेवला, डोकं सगळ्यांत वयस्कर पाहुण्याकडे करून. वरची बाजू संपल्यावर नेहमीसारखा काटा अलगद उचलून काढायला तो येणार होता. त्याआधी शोरूमवाल्यानं विचारलं, उलटत का नाही? तुझे भाऊजी रंगात होते. म्हणाले, आमच्या साडूचं घराणं बोटीवरचं, त्यांच्यात मासा उलटला की बोट उलटते. "मग बघू या की," कोणीतरी म्हणालं. आणि ह्यांनी दोन झाऱ्यांत धरून मासा हवेत उलटवला. "बघा, बुडालं का कोणी?" सगळे हसले. मीही हसले. साडू आतल्या दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, भावाची बोट परत आलेली नाही.

तेव्हा तू भट्टीपाशी उभी राहून बोललीस, "तुमच्या हातानं बुडाली ती बोट, भाऊजी." संध्याकाळी तुमच्या पेट्या भरलेल्या होत्या.

हे त्यानंतर थट्टा करायचे बंद झाले. हॉटेल चाललं, ह्यांच्या लाल सॉसवर चाललं, लोक वाट बघत बाहेर उभे राहायचे. पण पूर्वी टेबलाटेबलांशी जाऊन लोकांना हसवणारा माणूस गल्ल्यावरून उठेनासा झाला. मासा यादीतूनच काढून टाकला. आजारपणात एकदा मला म्हणाले, "ती ते खरंच मानते का गं, की रागानं बोलली?" मी म्हटलं, रागानं. ते म्हणाले, "तुला काय माहीत."

बरोबर होतं त्यांचं. मला काय माहीत.

तेवढ्यासाठी फिरते आहे. तू घरी ये, माझ्यापाशी राहा, असलं काही मागायचं नाही. तुला मी वेणी घालून मोठी केली, तेही मधे आणायचं नाही. एवढं एक वाक्य परत घे. माणूस राहिला नाही, तरी घे.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

गुडघे बोलायला लागले आहेत. गाडी, खोली, जिना, पुन्हा गाडी. या वयात माणूस हिंडतो तो तीर्थाला नाहीतर नातवंडांकडे. मी हिंडते मासे खात.

प्रवासात वाचायला चीनवरची दोन पुस्तकं आणली होती. वाचनालयातली तर मागेच संपवली. सगळे लेखक सारखेच. भिंतीवर चढतात, राजांची थडगी बघतात, आणि जेवायला बसले की 'रुचकर भोजन झाले' एवढंच. काय जेवलात ते सांगा की मेल्यांनो. कोणी वाढलं, कोण आधी बसलं, ताटात काय उरलं. साडू आपल्या ओट्यापाशी उभा राहून जे सांगायचा त्यातलं एक अक्षर पुस्तकांत नाही. तो सांगायचा तेव्हा मी भांडी आवरत असायचे आणि अर्धा कान देऊन ऐकायचे. आता ते अर्धंच माझ्याकडे आहे.

एक मात्र शिकले. कंदील असतील तिथे जायचं नाही. या तिसऱ्या शहरात मोहल्ला नाहीच. टायरच्या दुकानामागे एक खोली आहे, दारावर काही लिहिलेलं नाही, भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर, कोपऱ्यात काचेच्या टाकीत मासे. जेवणारे सगळे त्यांचेच लोक, कामावरून आलेले, बोलत नव्हते, चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटक करायचे. आभार मानायची त्यांची रीत. साडू करायचा तशी.

मासा आला. वरची बाजू खाल्ली. डोळे मिटून हात पुढे केला, आणि मनगटावर फटका बसला. चांगला सणसणीत. म्हातारी होती, स्वयंपाकघरातून कधी आली कळलं नाही. तिच्या भाषेत मला बरंच बोलली. गल्ल्यावर तिची सून होती, तिला आपली भाषा येत होती.

"आई विचारतात, कोणाच्या घरी शिकलीस हे?"

"त्यांना सांग, कोणीतरी हात धरावा म्हणूनच करत होते."

सुनेनं सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं, काटा उचलून बाजूला ठेवला आणि खालचा मासा माझ्या वाटीत वाढला. मग शेजारी बसली. मी साडूचं वर्णन केलं. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग, सुऱ्या कोणाला हात लावू देत नाही, बायको आपल्यातली.

सून हसायला लागली. "तो? आमच्याकडे काम मागायला आला होता. आईंना चूल कशी लावायची ते शिकवायला लागला. आई म्हणाल्या, एका घरात दोन सासवा नकोत."

"आणि बायको?"

"तुमच्यासारखीच. आधी भांडली, मग बसली."

मग कुठे गेले, तेही तिनं सांगितलं. म्हातारीनं पैसे घेतले नाहीत. निघताना तिनं सुनेकडून विचारलं, या बाईचं बोटीवरचं कोण गेलं? मी म्हटलं, बोटीवरचं कोणी नाही. माझा माणूस कोरड्या जमिनीवर बुडाला. सुनेला ते कसं सांगावं कळेना. मी म्हटलं, राहू दे.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

मी तुमच्याच शहरात आहे. तुमच्या रस्त्यावर. सॉसवाल्याची गाडी उद्या सकाळी तुमच्याकडे येणार आहे, मला इथे बघून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "मी काही सांगितलं नाही हं." हे त्याच्याकडेच देते.

काल समोरच्या फुटपाथवर उभी राहून तुमचं हॉटेल बघितलं. सहा टेबलं, अडकवलेला फळा, बाहेर एक कुंडी, पाणी न घातलेली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, लाल सॉस. मला वाटलं, पत्ता चुकला. सॉसच्या त्या पातेल्याकडे साडू कसा बघायचा ते आठवतं? म्हणायचा, हे औषध आहे, जेवण नाही. मी आपली सगळीकडे खरं चिनी जेवण कुठे मिळतं ते हुडकत फिरले, की तिथेच तो असणार. आणि हा इथे.

आत यायचा धीर झाला नाही. खोली झाडायला येते तिला पैसे देऊन एक पार्सल मागवलं. पलंगावर कागद पसरून बसले. नूडल्स, वर सॉस. पहिला घास घेतला आणि हात तसाच राहिला.

तो सॉस तुझ्या भाऊजींचा आहे. व्हिनेगर नाही, लिंबू. लसूण करपायला एक श्वास उरला असताना खाली घेतलेला. ह्यांच्या हातचं मी शेवटचं कधी खाल्लं ते मला आठवत नव्हतं, कारण शेवटचं आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं. साडूनं तो शिकून घेतला कधी? ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा असायचा.

सगळं खाल्लं. पुडी चाटूनपुसून.

पत्र मिळेल त्या दुपारी येईन. दार लावायचं असेल तर लाव, मी वाजवणार नाही. पण लावलंस तर ते वाक्य तुझं कायमचं राहील, आणि ते मी जाईपर्यंत माझ्याकडेही राहील.

ताई


१ मार्च

अहो,

हे तिला नाही, तुम्हाला. सॉसवाल्याची गाडी तुमच्यापर्यंत येत नाही, तेव्हा माझ्यापाशीच राहील.

दार उघडं होतं. दुपारची वेळ, टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. तुमचा साडू एकटाच कोबी चिरत होता. केस पांढरे झालेत. मला बघून सुरी ठेवली, हात पुसले, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं.

"दादा मागून येतोय?"

धाकटीनं त्याला काही सांगितलं नव्हतं. माझी सगळी पत्रं तिला मिळाली होती, आणि तिनं ती एकटीनंच वाचली होती.

मी सांगितलं. तो तांदळाच्या पोत्यावर बसला. मला वाटलं, आता चहा तरी विचारेल. मग म्हणाला, "ताई, फोन आदल्या दिवशी आला होता."

"कसला फोन?"

"भावाचा. म्हणजे वहिनीचा. पार्टीच्या आदल्या दिवशी. बोट तेव्हाच बुडाली होती. दादानं मासा उलटला तेव्हा बुडायला काही राहिलं नव्हतं."

ऐकलंत ना? आदल्या दिवशी.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "दादाला सांगितलं असतं तर त्यानं पार्टी रद्द केली असती. हॉटेल नवं. म्हटलं, एवढं जेवण होऊन जाऊ दे, उद्या सांगतो." तुम्ही रद्द केली असतीत, त्यात शंका नाही.

"आणि ती तुझ्या दादाला तसं बोलली, तेव्हा?"

त्यानं कोबीचं एक पान उचललं, परत ठेवलं. "भाऊ पाण्यात, आणि मी पाहुण्यांसाठी कढई हलवत होतो. हे कोणाला सांगायचं? ती बोलली. मला आडोसा मिळाला. मग रोज वाटायचं, दादाला फोन करू. रोज सॉस करायचो, त्याच्यासारखा होईपर्यंत. म्हटलं, जमला की फोन करू."

खरं सांगते, त्याचीच कढई घेऊन त्याला हाणावं असं वाटलं. तुमचं ते गल्ल्यावर बसणं, ते विचारणं, सगळं या माणसाच्या तोंडाशी अडलेल्या चार शब्दांपायी. पण मारायलाही जोर लागतो. मी नुसती बसून राहिले. भांडण करायला आलेली बाई इतकी दमलेली असू नये.

तेवढ्यात धाकटी आली. दोन हातांत भाजीच्या पिशव्या. दारातच थांबली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मी. ती म्हणाली, "किती वाळलीस." मी म्हटलं, "तू सुटलीस." पिशव्या तिनं खाली ठेवल्याच नाहीत, तशाच धरून बोलायला लागली. ठेवल्या तर थांबेल असं वाटलं असावं.

"ताई, रोज लिहायला बसायचे. पहिलं वाक्य येत नव्हतं. मी बोलले ते परत घेते. मासे उलटून बोटी बुडत असत्या तर समुद्रात एक बोट उरली नसती. मला तेव्हाही कळत होतं. पण हा रडत नव्हता गं. भाऊ गेला आणि हा कांदे चिरत होता. कोणावर तरी ओरडायला हवं होतं, भाऊजी समोर होते. तेच एक असे होते की ओरडलं तरी चालेल."

साडू एव्हाना उठून मागच्या मोरीत कढई घासायला लागला होता. कढई स्वच्छ होती. हात थांबला, तो वळला. "ऐक," तो तिला म्हणाला. "ताईला मी आत्ता सांगितलं, तुला पण..."

"आधी चहा टाक," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, "चहा टाक. सकाळपासून घोट नाही घेतलेला."

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बोलू दे की त्याला, सोक्षमोक्ष होऊ दे. मीही गाडीत बसताना तेच म्हटलं असतं. पण तिनं काहीही न विचारता वाक्य परत घेतलं होतं. पुरावा नाही, तारीख नाही, नुसतं तुमच्यासाठी घेतलं. त्यानं आदल्या दिवसाचं सांगितलं असतं तर ते परत घेणं राहिलं नसतं, चूक दुरुस्त केली एवढंच झालं असतं. आणि मग तिला नवऱ्यावर ओरडायला लागलं असतं. तिच्याकडे आता तो एकच माणूस आहे. त्याला सांगायचं असेल तर सांगेल कधीतरी, मी नसताना. ते त्या दोघांचं.

तुमचं उत्तर मात्र मिळालं. ती खरंच मानत नव्हती, आणि रागानंही बोलली नव्हती. तिला रडता येत नव्हतं.

चहा झाला. बिनदुधाचा, कडू. तिघं बसलो. धाकटीनं माझी पिशवी उचलून माळ्यावर नेऊन ठेवली, विचारलं नाही. साडूनं भट्टी पेटवली. मी खुर्च्या खाली घेतल्या, सगळ्या घेतल्या नाहीत, पाठीत कळ आली.

दिवेलागणीला पहिलं गिऱ्हाईक आलं. बाहेर अवकाळी पाऊस, पावसाचा कोट घालूनही ओलीचिंब झालेली एक बाई. धाकटी माळ्यावर, साडूचे हात पिठात. दुसरं कोणी नव्हतं. मग मीच गुडघ्यावर हात टेकून उठले आणि विचारलं, "काय देऊ?"